फॉन्टचं टाचण कुठे ठेवायचं

कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की सर विचारायचे, "तुम्ही मीठ कुठं ठेवता?" तांब्यातलं पाणीसुद्धा पिऊन झालेलं नसायचं. आमच्या घरी आले तेव्हा आईनं गोंधळून गॅसच्या वरच्या फळीकडे बोट दाखवलं. सर उठले, बरणी उचलून पाहिली, होती तिथेच ठेवली आणि म्हणाले, "बरोबर आहे. ओल लागत नाही आणि हात पुरतो." आईला हसावं की रागवावं कळेना. ते गेल्यावर ती म्हणाली, "माणूस शिकलेला दिसतोय, पण थोडा हललेला आहे." तरी त्या दिवसानंतर तिनं ती बरणी तिथून कधी हलवली नाही.

दोन हजार सालानंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांतली ही गोष्ट. जव्हारला शिक्षकांसाठी एक छोटं केंद्र होतं आणि मी तिथे टंकलेखक होते. जव्हार-मोखाड्यातले शाळामास्तर आणि बाई दुपारनंतर येत आणि पहिली-दुसरीच्या मुलांसाठी धडे टाइप करत. या मुलांची घरची बोली वेगळी आणि पुस्तकातली मराठी वेगळी, म्हणून घरच्या बोलीतून सुरुवात करून देणारी छोटी पुस्तकं काढायची, अशी ती योजना होती. कुणीतरी वापरून टाकलेले आठ कॉम्प्युटर होते आणि कोपऱ्यात टेबलफॅनच्या वाऱ्यावर ठेवलेलं एक मोठं मशीन, ज्यात सगळ्यांचं काम साठायचं. या सगळ्याचे प्रमुख, दुरुस्तीवाले आणि वेळप्रसंगी झाडूवालेही म्हणजे आमचे सर.

सर मूळचे जव्हारजवळच्याच दाभोशाकडचे. नाशिकला वसतिगृहात राहून शिकले, तिथे काही वर्षं नोकरी केली आणि परत आले. का आले, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. एकटेच राहत. गळ्यात किल्ल्यांची दोरी, खिशात टोक केलेल्या दोन पेन्सिली, आणि केंद्रातल्या प्रत्येक वस्तूला चिकटवलेली चिठ्ठी. झाडूच्या खिळ्याखाली 'झाडू', छत्रीच्या खिळ्याखाली 'छत्री'. एकदा मी गमतीनं भिंतीवर 'ही चिठ्ठी' अशी चिठ्ठी लावली. सरांनी ती वाचली, विचार केला आणि म्हणाले, "ताई, हिला जागा आहे पण काम नाही. काढा." चेहऱ्यावर हसू नाही.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "एका वस्तूला एकच जागा." दोन जागा दिल्या की ती वस्तू तिसरीकडेच सापडते, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे टाइप केलेल्या कामाचा कागदावर छापा काढायला बंदी. पुस्तक पूर्ण झालं की एकदाच छापायचं. कच्चं काम कागदावर एक आणि मशीनमध्ये दुसरंच, असं झालं तर खरं कोणतं, हे ते विचारत. मला तेव्हा हे पटायचं. माझं निम्मं काम त्यामुळे वाचायचं, हेही खरं.

एकदा आम्ही सगळे शिरपामाळला गेलो होतो. महाराजांचा मुक्काम झालेली जागा म्हणून लोक येतात, फोटो काढतात, वारा खातात. सर मात्र माळभर पायानं जमीन दाबत फिरत होते. मी विचारलं, काय हरवलं? म्हणाले, "एवढी माणसं, एवढी घोडी. दाणागोटा कुठं ठेवला असेल, ते बघतोय." शेवटी त्यांना एक जागा पसंत पडली. तिथे उभे राहून त्यांनी डबा खाल्ला.

आता टाचणाबद्दल सांगते.

आमची मशीनं लिनक्सवर चालायची, कारण ती प्रणाली उघडून आत बघता येते आणि आत बघता येत नाही अशी वस्तू सर जवळ ठेवत नसत. त्यात मराठी फॉन्ट भरलेले होते, शिवाय प्रत्येक मास्तर आपापला आवडता फॉन्ट फ्लॉपीवरून आणून टाकी. लिहायचा प्रोग्राम उघडला की मशीन आधी सगळे फॉन्ट एकेक करून तपासणार, कुणाकडे कोणतं अक्षर आहे ते बघणार आणि मग आपल्याला लिहू देणार. जुन्या मशीनवर यात एक चहा होऊन जाई. हे दर वेळी करायला लागू नये म्हणून मशीन एकदा तपासणी करून त्याची यादी लिहून ठेवतं. तिला फॉन्ट कॅश म्हणतात. सर तिला टाचण म्हणायचे. मास्तर लोकांना ते लगेच समजलं. पाठाचं टाचण हरवलं तर पुस्तक बघून पुन्हा काढता येतं, तसंच हे.

प्रश्न एवढाच की हे टाचण मशीननं ठेवायचं कुठे? ऐकणाऱ्याला वाटेल, हा काय प्रश्न झाला. आमच्याकडे तो तीन आठवडे चालला. सरांनी फळ्यावर तीन जागा लिहिल्या. पहिली, फॉन्टच्याच शेजारी. दुसरी, ज्याच्या त्याच्या फोल्डरमध्ये, ज्याला मशीन आणि सर दोघंही 'घर' म्हणत. तिसरी, सगळ्यांना सामाईक अशी एक जागा. आणि मग एका शनिवारी त्यांनी चक्क सभा बोलावली.

मोखाड्याचे एक गुरुजी म्हणाले, "टाचण ज्याचं त्याच्याजवळ असावं. दुसऱ्याच्या टाचणावर आपण शिकवतो का?"

"शिकवतोच की," मागून कुणीतरी म्हणालं, आणि सभा पाच मिनिटं थांबली.

सर गंभीर. ते म्हणाले, फॉन्टच्या शेजारी ठेवायचं तर तिथे लिहायची मुभा फक्त माझी, मग तुम्ही आणलेल्या फॉन्टचं काय? घरात ठेवायचं तर तेच टाचण तीसजणांच्या घरात तीस वेळा, आणि घरं आधीच लहान. "जे पुन्हा करता येतं, त्यानं माजघरात जागा अडवायची नाही. त्याची जागा बाहेर. आपल्या गावाच्या खळ्यासारखी. सगळ्यांचं खळं, कुणा एकाचं नाही."

खोडाळ्याच्या बाई पुढे बसल्या होत्या. शांत बाई. पाचवीपासून आश्रमशाळेत राहून शिकलेल्या, आता गावच्याच शाळेत शिकवत होत्या. त्यांनी विचारलं, "म्हणजे तिथं आम्हालाही ठेवता येणार?"

"सगळ्यांना," सर म्हणाले. "सगळ्यांचंच आहे ते."

हात वर करून ठराव मंजूर झाला. सरांनी सामाईक फोल्डर केलं, सगळ्यांना लिहायची मुभा दिली आणि फळ्याच्या कोपऱ्यात 'खळं' अशी चिठ्ठी लावली. शिळं टाचण राहिलं की अक्षरं भलतीच उमटतात, म्हणून दर शनिवारी चार वाजता मशीन आपोआप ते फोल्डर झाडून साफ करील अशी व्यवस्था केली. त्याच वेळी सगळ्यांच्या घरांची नक्कल एकाच सीडीवर, आधीची पुसून, निघायची. खळ्याची नाही. खळं कोण पेटीत भरून ठेवतं, असं ते म्हणाले. साफसफाईचं त्यांनी आम्हाला सांगितलं का? सांगितलं असेल. मला आठवत नाही, आणि हे मला अजून बोचतं.

परदेशात हा प्रोग्राम लिहिणाऱ्या लोकांनाही त्यांनी ई-मेल पाठवला, मीच टाइप केला होता. आठवड्यानं तीन उत्तरं आली. एक म्हणे घरात, एक म्हणे सामाईक, आणि तिसरा म्हणे यावर पूर्वीच बोलणं झालेलं आहे. सर खूश झाले. "म्हणजे तिकडंही ग्रामसभाच आहे," म्हणाले.

खोडाळ्याच्या बाईंचं पुस्तक सगळ्यांत पुढे होतं. विषय रानातल्या भाज्या आणि कंद. कोणती कोवळी खुडायची, कोणती उकळून पाणी टाकायची, कशाला कुणाच्या घरी काय म्हणतात. सगळी माहिती त्यांच्या आईची. बाई रविवारी आईजवळ बसायच्या आणि मधल्या वारी येऊन डोक्यातलं थेट टाइप करायच्या. पानं आणून ती स्कॅनरवर ठेवायच्या, काचेवर हिरवे डाग पडायचे आणि सर ते काही न बोलता पुसायचे. वर्षभर हे चाललं. भात झोडून झाल्यावर, थंडीत, पुस्तक तयार झालं. ते ठाण्याला छपाईला पाठवायचं होतं. तेव्हा आम्ही ठाणे जिल्ह्यातच होतो.

त्या शुक्रवारी सर नाशिकला गेले होते. बाई आल्या, शेवटचा हात फिरवायला बसल्या आणि थोड्या वेळानं मला म्हणाल्या, "ताई, जागा संपली म्हणतंय." पानांच्या चित्रांनी त्यांचं घर भरून गेलं होतं. नवं लिहिलेलं साठवता येईना. मी मोठ्या जाणकारीनं म्हटलं, मग खळ्यावर ठेवा, तिथे भरपूर जागा आहे. बाईंचा चेहरा मोकळा झाला. "खरंच की. खळ्यावरच ठेवते. खळ्यावरचं कोण नेतंय?" त्यांनी घरातली लिखाणाची फाइल उचलून तिकडे टाकली. एका वस्तूला एकच जागा. मी जव्हार गावात वाढलेली, मी आयुष्यात कुणाच्या खळ्यावर उभी राहिले नव्हते. मी मान डोलावली.

बुधवारी बाई छापा काढायला आल्या. फाइल नव्हती.

सरांनी दोन दिवस कोपऱ्यातल्या मशीनपुढून बूड हलवलं नाही. पुसलेलं परत मिळवायचे जेवढे उपाय त्यांना माहीत होते तेवढे केले. पण शनिवारी चारला मशीननं खळं झाडलं होतं, सीडीवर जुनी नक्कल पुसून नवी चढली होती, सोमवारी सकाळी आठही मशीनं सुरू झाली होती आणि त्या रिकाम्या जागेवर नवी टाचणं येऊन बसली होती. मिळाली ती फक्त पानांची चित्रं, कारण ती घरात होती. खाली एक शब्द नाही.

मी म्हटलं, "सर, मी सांगितलं त्यांना. चूक माझी आहे."

"जागा मी ठरवली," सर म्हणाले.

बाई रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडं खळ्यावर रास असली की भोवती राखेची रेघ काढतात, सर. देवाला दाखवेपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. धनी घरी निजतो. चोरसुद्धा रेघ ओलांडत नाही. मला वाटलं, घरापेक्षा तिथं बरं."

 सरांनी मग जे सांगितलं ते मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या घरचं खळंच नव्हतं. जमीन दुसऱ्याची, खळं सगळ्या गावाचं, पाळीनं मिळणारं. आज तुमची पाळी, संध्याकाळच्या आत झोडायचं, उचलायचं आणि उद्याच्या माणसासाठी झाडून द्यायचं. झाडायचं काम त्यांचं असायचं. दाणा राहिला तर तो गेला. "मला खळं म्हटलं की झाडणंच आठवतं," ते म्हणाले. दाभोसा आणि खोडाळा यांत अंतर ते किती. दोघांनी एकच शब्द ऐकला होता, आणि त्याचा अर्थही दोघांना नीट माहीत होता. फक्त रीत वेगळी होती.

ठाण्याची तारीख गेली. पुस्तक पुढच्या वर्षावर गेलं, तेही कुणी लिहिलं तर.

पुढच्या रविवारी सकाळी सर आमच्या दारात उभे होते. हातात दोन वह्या. "ताई, खोडाळ्याला चला. एका वहीत तुम्ही लिहा, एका वहीत मी. तेच लिहायचं, दोघांनी." एका वस्तूला दोन जागा देताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. मी चप्पल घातली आणि निघाले. मला कुणी न्यायला आलं नसतं तरी मी गेले असते, असं लिहायला आवडलं असतं. पण माझी हिंमत झाली नव्हती, हे खरं.

त्यानंतर कितीतरी रविवार आम्ही जीपनं मोखाड्यावरून खोडाळ्याला गेलो. बाईंची आई ओट्यावर बसलेली असायची. समोर नागली, म्हणजे नाचणी, वाळत असायची आणि हातात कोंबड्या हाकायची काठी. पहिल्या दिवशी ती वैतागलीच. "परत काय सांगू? एकदा सांगला ना पोरीला."

"माझ्याकडून सांडलं, आई," सर म्हणाले. "परत ओता."

म्हातारीनं त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "बायको नीही?"

"नाही."

"तरीच." मग तिनं पदर सारखा केला आणि सांगायला बसली.

लेकीला सांगताना तिनं भाजीचं नाव आणि कृती एवढंच सांगितलं होतं, असं बाई म्हणत. लेकीला बाकीचं ठाऊकच आहे असं धरून. सरांना काहीच ठाऊक नव्हतं, किंवा ते तसं दाखवत. ते विचारायचे, खुडलेली भाजी घरी आणून कुठं ठेवता? सावलीत की पाण्यात? झाकून की उघडी? त्यांच्या त्या जागेच्या वेडानं म्हातारीला जोर चढला. पान कुठल्या बाजूच्या उतारावर येतं, कुणाच्या बांधावरचं घ्यायचं नाही, भाजी निवडताना कोणत्या नणंदेचं नाव घ्यायचं नाही, सगळं यायला लागलं. काही भाज्या मात्र तिला पुन्हा आठवल्या नाहीत. बाई म्हणायच्या, मागं सांगितली होतीस ना ती लाल देठाची? म्हातारी म्हणायची, सांगली असेल. ती पानं आमच्या पुस्तकात नावाशिवाय आहेत. सरांनी ती गाळू दिली नाहीत.

शेवटाकडे कडू कंद आला, नीट उकळून पाणी टाकलं नाही तर विष होणारा. बाई म्हणाल्या, आधीच्या लिखाणात याच्यावर दोनच ओळी होत्या. चिरायचा, राख घालून उकळायचा, पाणी टाकायचं.

"किती पाणी?" सरांनी विचारलं.

"सात," म्हातारी म्हणाली. "शेवटचा रातभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात, टोपलीत."

"सातच? पाचात कडूपणा जात नाही का?"

म्हातारीनं काठी बाजूला ठेवली. कोंबड्या नागलीत शिरल्या तरी तिनं हाकलल्या नाहीत.

"पाचात जातंय, असा वाटला होता माला," ती म्हणाली. मग लेकीकडे न बघता म्हणाली, "तुझे वर एक होता."

बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या या घरात जन्मल्या, पस्तीस वर्षं जगल्या आणि आपल्या आधी कुणी होतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. म्हातारीनं थोडक्यात सांगितलं. श्रावणातले दिवस, घरात दाणा नाही. नवरा कामाला घाटाखाली गेलेला. पोर दोन-अडीच वर्षांचा, अंगावरचं दूध सुटलेला. भुकेनं रडत होता म्हणून तिनं पाचव्या पाण्यानंतर चाखून पाहिलं. कडू लागलं नाही. तिनं त्याला भरवलं. त्यानं आणखी मागितलं, तिनं आणखी दिलं. हे सांगताना तिचा आवाज भाजीची कृती सांगताना होता तसाच होता. त्याचं नाव तिनं सांगितलं. मी ते इथे लिहिणार नाही. बाकीचं बाईंना विचारून लिहिते आहे.

माझा हात कधीच थांबला होता. सरांची पेन्सिल मात्र चालू होती. ऐकलेलं लिहायचं, या सवयीनं ते लिहीत गेले होते, आणि थांबले तेव्हा पान भरलं होतं. त्यांनी त्या पानाकडे पाहिलं. मीठ कुठे, छत्री कुठे, राजाच्या घोड्यांचा दाणा कुठे, हे जगाला सांगणारा माणूस. त्यांचे डोळे भरून आले होते.

"आई," ते म्हणाले, "हे कुठं ठेवू?"

म्हातारीनं हात पुढे केला. सरांनी पान वहीतून सावकाश, शिवणीपासून फाडलं आणि तिच्या हातावर ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं त्याची घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि कमरेच्या चंचीत, पानसुपारीजवळ सारली.

"तू सात लिव," ती म्हणाली. "पोरांना त्या लागंल. हा माझा आहा."

जव्हारला परतल्यावर सरांनी आधी मशीनचं काम केलं. सामाईक फोल्डरमध्ये लिहायची माणसांची मुभा काढून घेतली. यापुढे तिथे फक्त मशीन लिहील. परदेशातल्या लोकांनाही मला एक पत्र टाइप करायला सांगितलं: जिथे माणसाचा हात पोचतो, तिथे माणूस आपलं मौल्यवान काहीतरी ठेवणारच, म्हणून पुसायच्या वस्तूंची जागा ठरवताना आधी ती माणसाच्या हातापासून दूर न्या. कुणाचं उत्तर आलं नाही. त्यांनी वाटही पाहिली नाही. ते कंदाचं प्रकरण टाइप करायला बसले. ते त्यांनी मला दिलं नाही, स्वतःच केलं, एकेका बोटानं.

पुस्तक पुढच्या वर्षी छापून आलं. म्हातारी तोवर गेली होती. ती चंची तिच्याबरोबरच गेली. बाईंनी ती उघडली नाही.

पुस्तकाचे गठ्ठे घेऊन सर आणि मी खोडाळ्याच्या शाळेत गेलो. बाईंनी पहिलीच्या पोरांना जमिनीवर बसवलं आणि धडा वाचायला घेतला. त्या एक ओळ वाचायच्या, पोरं मागून म्हणायची. कंद चिरावा. पोरं म्हणाली, कंद चिरावा. राख घालून उकळावा. पोरं म्हणाली. "मग त्याला पाणी द्यावं..." बाई वाचत आल्या आणि थांबल्या. पुढचा शब्द त्यांच्या तोंडून निघेना. पुस्तक हातात तसंच धरलेलं.

पोरांना वाटलं, बाई आपल्यालाच विचारताहेत. त्यांच्या घरीही आया कंद शिजवतच होत्या. सगळी एका सुरात ओरडली, "सात."

सर दाराशी उभे होते. ते चप्पल न घालताच बाहेर पडले आणि शाळेमागच्या बांधापर्यंत चालत गेले. मी त्यांच्या मागे गेले नाही.